मैत्रीखातर वजा दीडशे

बेसबॉल कळला नाही तरी चालेल, सट्ट्याचा भाव कळल्यासारखा चेहरा करता आला पाहिजे. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला तर सबबच नाही. याच राज्याने २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून खेळांवरच्या सट्ट्याची वाट देशभर मोकळी करून दिली. शिवाय आपली परंपराही आहेच: न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर मुंबईत आकडा लावणाऱ्यांचे आपण वारस!

तर समजा, एडिसनला कुणाच्या तरी बॅकयार्डात मंडळी जमली आहेत आणि भाव निघालाय यांकीज, म्हणजे न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ, वजा १५०, समोरचा संघ अधिक १३०. वजा दिसला की हे जिंकणार, एवढंच लक्षात ठेवा. वजा १५० म्हणजे शंभर डॉलर मिळवायला दीडशे पणाला लावायचे, आणि अधिक १३० म्हणजे शंभर लावून एकशेतीस मिळवायचे, या तपशिलात शिरू नका. शिरलात की दीडशेला अडीचशेने भागाल, भावात दडलेली यांकीज जिंकण्याची शक्यता ६० टक्के येईल. मग शंभरला दोनशेतीसने भागाल, समोरच्यांची साडेत्रेचाळीस येईल. बेरीज १०३.५! वरचे साडेतीन टक्के बुकीचे. बारावीला गणितात पैकीच्या पैकी मिळवलेल्यांनी तर इथे विशेष जपावं, जुनी सवय उफाळून येते.

बेधडक वजावाल्या संघावर लावत राहा. मोसमात १६२ सामने असतात. समजा तुमच्या संघाने ९७ जिंकले, म्हणजे मोसम झकासच झाला, आणि तुम्ही प्रत्येक सामन्याला वजा १५०च्या भावाने लावलं. मिळाले ९,७०० डॉलर, ६५ पराभवांत गेले ९,७५०. संघ प्लेऑफच्या उंबरठ्यावर आणि तुम्ही पन्नास डॉलरने खाली. पण टोपी घालून मिरवायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, दुबळ्या संघाविरुद्ध लावा, पैसा पक्का. जरूर लावा. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्सने १२१ सामने हरून आधुनिक बेसबॉलमधला नीचांक गाठला, तरी ४१ जिंकलेच. त्या ४१ दिवशी कुणाचा तरी पैसा पक्काच होता.

वजा १५० महाग वाटला तर रन लाइन घ्या, तिथे भाव सुधारतो. अट इतकीच, की तुमच्या संघाने दीड धावेने जिंकायचं. अर्धी धाव कुणी काढत नाही, म्हणजे किमान दोनने. घरच्या मैदानावर खेळणारा वजावाला संघ यासाठी उत्तम. तो पुढे असला की नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात फलंदाजीला उतरतच नाही, आणि बरोबरीवरून उतरलाच तर जिंकणारी धाव झाली की बहुतेक वेळा खेळ तिथेच संपतो. एका धावेने जिंकल्याबद्दल सगळे टाळ्या वाजवत असतील, तुम्हीही वाजवा. पाकीट नंतर काढा.

सगळ्यात महत्त्वाचं: दोस्तांतल्या पैजेत भाव ठरवायचं काम ग्रुपमधल्या अभ्यासू मित्राकडेच सोपवा. मित्रामित्रांत सरळ शंभरास शंभर लावू, किंवा हरेल त्याने पिझ्झा द्यायचा, असलं गावठी काही सुचवू नका. तो फोनवरचा भाव जसाच्या तसा वाचून दाखवेल, तुमच्याकडून यांकीजवर दीडशे घेईल आणि तुमच्या मेव्हण्याकडून समोरच्या संघावर शंभर. यांकीज जिंकले तर मेव्हण्याचे शंभर तुम्हाला देऊन तो मोकळा. हरले तर तुमच्या दीडशेतून मेव्हण्याला एकशेतीस, वीस शिल्लक. बेसबॉलमधला एकही नियम माहीत नसताना तो कधीच हरत नाही, म्हणून तर त्याला अभ्यासू म्हणतात.

त्या विसांतून पुढच्या शनिवारी तो सगळ्यांसाठी श्रीखंडाचा डबा आणेल. दोनदा वाढून घ्या, तेवढीच वसुली.