अपघातातल्या जखमीला आधी ओढून काढू नका

"गाडीचा अपघात दिसला की जखमीला लगेच बाहेर ओढा, पाणी पाजा, घुसलेली काच उपटून काढा. उठून चालायला लागला तर दवाखान्याची गरज नाही." हा मेसेज जीव वाचवणारा म्हणून फिरतोय. तो जसाच्या तसा पाळला तर जीव जाऊ शकतो.

बाहेर ओढा, गाडी पेटेल. धडकेनंतर गाडी पेटते, पण क्वचित. मानेला मार मात्र सहज बसतो. मणका मोडला तरी आतला मज्जारज्जू शाबूत असू शकतो. काखेत हात घालून ओढताना मान लटकली, की मोडलेलं हाड त्यावर दाबलं जातं आणि धडकेत वाचलेले हातपाय बाहेर काढताना लुळे पडतात. म्हणून आधी इंजिन बंद करा, हॅझर्ड लाइट लावा, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. मग एकाने मागच्या सीटवर बसून जखमीचं डोकं दोन्ही हातांनी आहे तसं धरून ठेवावं आणि "मान हलवू नका" असं सांगत राहावं. आग, धूर, गाडीत शिरणारं पाणी किंवा बंद पडलेला श्वास, अशा वेळी मात्र बाहेर काढायचंच. तिथे आधी जीव, मग मान.

पाणी पाजा. नको. अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जातं. शुद्धीवर असला तरी ऑपरेशनची वेळ आली तर भरलेलं पोट भूल देताना धोक्याचं.

काच उपटा. मुळीच नाही. तिनेच रक्त अडवून धरलेलं असतं. तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा. साध्या जखमेवर कापड घट्ट दाबून धरा. भिजलं तर वर दुसरं ठेवा, पहिलं उचलून बघू नका.

चालतोय म्हणजे ठीक आहे. सगळ्यात घातक हेच. अपघाताच्या धक्क्यात अ‍ॅड्रेनलिनमुळे दुखणं जाणवतच नाही. कवटीच्या आत रक्त साठत असताना माणूस नीट बोलतो, घरी जातो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. पोटावर सीटबेल्टचा आडवा वळ उठला असेल तर आतडं फाटलेलं असू शकतं. वाढती डोकेदुखी, उलट्या, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, पोट कडक होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार बसला असेल, तर लक्षणांचीही वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.