मिनी ट्रॅक्टर विकून बॉबकॅट घ्यायचा मेसेज मामापर्यंत पोचलाय, म्हणून हे लिहितोय

काल रात्री मामाचा फोन, "छोटा ट्रॅक्टर काढून टाकू का रे?" निफाडकडं अडीच एकर द्राक्षबाग आहे त्याची. गावच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, मिनी ट्रॅक्टरचा जमाना गेला, थोडे पैसे जास्त घाला आणि बॉबकॅट घ्या, जागच्या जागी वळतो, कितीही वजन उचलतो, बागेची सगळी कामं एकटा करतो. (बॉबकॅट म्हणजे स्किड स्टिअर, पुढं बकेट असलेलं छोटं लोडर मशीन, कंपनी कुठलीही असो आपल्याकडं नाव तेच.) गोडी छाटणी (द्राक्षाचं फळ धरायची छाटणी) तोंडावर असताना असलं काही न तपासता पुढं ढकलणाऱ्यांचा खरंच राग येतो.

सगळी कामं म्हणजे कुठली? छाटणीनंतर डावणी रोगाच्या फवारण्या सुरू झाल्या की हवेच्या झोतानं औषध फवारणारा ब्लोअर लागतो, आणि तो चालतो ट्रॅक्टरच्या मागच्या ५४० आरपीएमच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर. रोटाव्हेटरचंही तेच. बॉबकॅटच्या मागं इंजिन असतं, तिथं ना पीटीओ ना अवजार अडकवायचं तीन पॉइंटचं लिंकेज. जे काही जोडायचं ते पुढं, हायड्रॉलिकवर. मग मामाचा ब्लोअर लावायचा कुठं?

आणि ते जागच्या जागी वळणं! अहो, त्याची चाकं वळतच नाहीत, एका बाजूची पुढं फिरतात, दुसऱ्या बाजूची मागं, आणि अडीच-तीन टनाचं धूड जमिनीवर घासत फिरतं. काँक्रीटवर ठीक आहे. बागेत ओल्या मातीत तसं वळवलं की माती खरवडून निघणार, ठिबकची नळी गेली, आणि वरच्या थरातली, अन्नपाणी शोषणारी पांढरी मुळी तुटली ती वेगळीच, जी वाढवायला वर्षभर शेणखत घालतो आपण. मिनी ट्रॅक्टर टनाच्या आतबाहेर असतो. शिवाय वेली चढवलेल्या तारांच्या मांडवाखाली बकेट पूर्ण वर उचलली तर तारांचं काय होईल ते ज्यानं मेसेज लिहिला त्यानं एकदा मांडवात उभं राहून बघावं.

कितीही वजन उचलतो हे तर साफ खोटं, मशीन पुढं कलंडेल त्या वजनाच्या निम्मंच उचलायचं असा नियम आहे. "थोडे पैसे जास्त" पण नाही, बॉबकॅटच्या पैशात दोन-तीन मिनी ट्रॅक्टर येतील. जीएसटीसुद्धा २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवर ५ टक्के झाला, बॉबकॅट ज्यात मोडतो त्या माती उपसायच्या मशीनवर १८च आहे.

एक गोष्ट मान्य करतो, खत भरायला, पोल्ट्रीची शेड साफ करायला बॉबकॅटसारखं मशीन नाही, लोडर लावलेला मिनी ट्रॅक्टर तिथं मागं पडतो. मुळात जन्मच त्यासाठी झालाय, १९५७ साली अमेरिकेत मिनेसोटात केलर बंधूंनी याचा पहिला, तीन चाकी लोडर बनवला तो एका टर्की पाळणाऱ्याची शेड साफ करायला. बागेत फवारायला नाही.

मामाला सांगितलंय, खताच्या वेळी दोन-चार तास भाड्यानं बोलव, ढीग बांधाबाहेरच भरून घे. ट्रॅक्टर विकायचा नाही, छाटणीच्या आत ब्लोअरचे नोझल तेवढे बदलून घे.