पडद्याच्या तळाशी एक शिवार

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लहान कारखान्यात मी ड्रॉइंगचे आणि सीएनसी मशीनच्या, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या यंत्राच्या, प्रोग्रामचे काम करतो. या कामात जितका वेळ हात चालतो, जवळजवळ तितकाच वाट पाहण्यात जातो. पंपाच्या कास्टिंगचे मॉडेल तयार झाले की संगणकाला टूलपाथ, म्हणजे कटरने फिरायचा मार्ग, काढायला सांगायचे आणि काम किती झाले ते दाखवणारी पट्टी सरकत टोकाला पोहोचेपर्यंत बसून राहायचे; कधी दोन मिनिटे, कधी बारा. या बारा मिनिटांत दुसरे काम धडपणे सुरू करता येत नाही, आणि मोबाइल हातात घेतला तर बाराची चाळीस कधी झाली हे कळत नाही. गेले वर्षभर ही फट माझ्यापुरती एका खेळाने बुजवली आहे. चाळिशी ओलांडल्यावर हा पोरकटपणा कशाला, असे मित्र विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खेळाचे नाव ‘रस्टीज रिटायरमेंट’. तो २६ एप्रिल २०२४ रोजी स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला. पडद्याच्या अगदी तळाशी त्याची चार बोटे उंचीची एक पट्टी राहते आणि वर आपले ड्रॉइंग, एक्सेल, मेल जे काही असेल ते नेहमीसारखे चालू असते. रस्टी हा एक छोटा यंत्रमानव. आपण वाफे आखायचे आणि पीक निवडायचे. पाणी घालणे, कापणी करणे, पिकापासून इंधन तयार करणे ही कामे तो आणि त्याचे सोबती आपापली करत राहतात. कामात फार गुंतायचे असेल तर शेतीचा वेग कमी करण्याची सोयही त्यात आहे. स्वतःकडे कमी पाहिले जावे म्हणून खेळानेच व्यवस्था करून ठेवावी, ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी फार आवडली.

कारण याच्या नेमके उलट आपण फेसबुकवर पाहिले आहे. २००९ साली फार्मव्हिल हा शेतीचा खेळ तिथे आला तेव्हा माझी आत्येबहीण चार तासांत तयार होणाऱ्या स्ट्रॉबेरीसाठी पहाटेचा गजर लावत असे, कारण वेळेवर तोडली नाही तर ती वाळून जाई. ती शेती माणसाला राबवून घेत होती. खेळांचे अभ्यासक आणि रचनाकार इयान बोगोस्ट यांनी २०१० मध्ये अशा खेळांची टिंगल करण्यासाठी ‘काउ क्लिकर’ काढला. त्यात एक गाय असे आणि सहा तासांतून एकदा तिच्यावर क्लिक करायचे, एवढेच. लोकांनी ती टिंगलही मनापासून खेळली. पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्या गाई नाहीशा केल्या, तरी गाय उभी असायची त्या रिकाम्या जागेवर काही जण क्लिक करतच राहिले. मला यात हसू कमी आणि धास्ती जास्त वाटते.

आपोआप चालणाऱ्या खेळांची गोडी मुळात आकड्यांची आहे, हेही मान्य केले पाहिजे. २०१३ च्या ‘कुकी क्लिकर’मध्ये क्लिक करून कुकी जमवायच्या आणि त्या मोजून आपोआप क्लिक करणारे कर्सर विकत घ्यायचे; पहिला कर्सर पंधरा कुकींना मिळतो आणि त्यापुढचा प्रत्येक कर्सर आधीच्यापेक्षा पंधरा टक्क्यांनी महाग होतो. हिशेब करून पाहिला, तर एक्कावन्नावा कर्सर सोळा हजारांच्या वर जातो. भाव असा चक्रवाढीने चढतो आणि प्रत्येक कर्सर मात्र तेवढीच भर घालतो, त्यामुळे पुढची पायरी कायम हाताच्या जरा पलीकडे राहते. सावकारी व्याज ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना ही आकडेमोड नवी वाटणार नाही. माझ्या पडद्यावरच्या शेतातही असे आकडे आहेत. पण ते पाहायला बोलावत नाहीत, हा फरक मला मोठा वाटतो.

आप्पांचे मत निराळे पडले. आमची वडगाव शिवारात थोडी भातजमीन आहे आणि बळ्ळारी नाल्याचे पाणी शिरले की लावलेले रोप कुजणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी मी घरी लॅपटॉप उघडून बसलो असताना ते मागे येऊन उभे राहिले. “पाणी कोण सोडूलाय रे?” मी म्हटले, यंत्र सोडतंय. “आणि नाला फुगला तर?” नाला यात नाही, असे मी सांगितले. “मग ह्येला शेती कशाला म्हणतोस?” असे म्हणून ते खुर्ची ओढून बसले आणि अर्धा तास उठले नाहीत.

आप्पांचे बरोबरच आहे, ती शेती नव्हेच. लावणी आटोपल्यावर, पाऊस बेताचा असताना, बांधावर बसून हिरव्या रोपांकडे नुसते पाहत राहण्याची जी घटकाभर मोकळीक शेतकऱ्याला क्वचित मिळते, तेवढीच या खेळाने उचलली आहे आणि बाकीचे बारा महिने सोडून दिले आहेत. दिवसभर दुसऱ्याच्या पंपाचे भाग आखणाऱ्या माणसाला आपले असे काहीतरी कोपऱ्यात वाढत असल्याचे समाधान यातून मिळते. ते खोटे आहे असे मला वाटत नाही. ते लहान आहे, इतकेच.

याची किंमतही मी मोजली आहे. एकदा नवा वाफा कुठे आखावा या विचारात प्रोग्राममध्ये कापायच्या मालाची उंची ५२ ऐवजी ४२ मिलिमीटर भरली गेली आणि मशीनवर कार्बाइडचा कटर तुटला. चूक सर्वस्वी माझी होती, बोलणीही मीच खाल्ली. तेव्हापासून आकडे भरताना खेळ बंद असतो आणि टूलपाथची पट्टी सरकू लागल्यावरच मी तो उघडतो. शेजारच्या टेबलावरचे कन्नडभाषक सहकारी एके दिवशी “एन्री इदु?” (काय हो हे?) म्हणत वाकले. आता त्यांच्याही पडद्याच्या तळाशी तशीच पट्टी असते, आणि चहाच्या वेळी त्यांचे पीक माझ्यापेक्षा पुढे गेल्याचे मला ऐकून घ्यावे लागते.