रब्बीचा हंगाम

इस्राएलात दुकान टाकताय? मग जाहिरातीच्या मॉडेलवर पैसे उधळू नका. एखादा रब्बी गाठा. (शेतकरी बांधवांनी गैरसमज करून घेऊ नये. हा रब्बी गव्हाहरभऱ्याचा नव्हे, ज्यूंचा धर्मगुरू. याचं पीक बारमाही येतं आणि खतपाणीही लागत नाही.)

रब्बी शक्यतो दिवंगतच निवडा. जिवंत माणूस मानधन मागतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, "आधी माल दाखवा" म्हणतो. नेतिवोत गावचे रब्बी 'बाबा साली' (हे त्यांचं नाव, सन नव्हे) १९८४ मध्ये गेले आणि तेव्हापासून फलाफलच्या दुकानात, गॅरेजच्या भिंतीवर, टॅक्सीच्या काचेवर एकही सुट्टी न घेता कामावर आहेत. अंगरख्याची टोपी डोक्यावरून ओढलेली, पांढरी दाढी. रुमालात गुंडाळलेल्या बाटलीतून ते अराक ओतत राहिले आणि बाटली काही संपली नाही, अशी त्यांची कथा सांगतात. दारूवाल्याला याहून तयार जाहिरात कोण लिहून देणार?

चेहरा ठाऊक नसला तरी अडत नाही. मध्ययुगातले थोर ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस १२०४ मध्ये वारले. ते दिसायला कसे होते हे कुणालाच माहीत नाही. पाचशेहून अधिक वर्षांनी कुणीतरी अंदाजपंचे एक फेटा आणि दाढी काढली, आणि तोच चेहरा इस्राएलने १९८६ मध्ये एक शेकेलच्या नोटेवर छापला. तोरा (म्हणजे ज्यूंचं धर्मशास्त्र, रुबाब नव्हे) शिकतो म्हणून जो कामधंदा सोडून लोकांच्या दानावर जगतो तो देवाच्या नावाला बट्टा लावतो, असं लिहून ठेवलेला हा माणूस! सरकारला नोटेवर चालतो, तर तुमच्या हमसच्या डब्यावर न चालायला काय झालं?

राजकारणाचा माल असेल तर जरा जपून. १९९६ च्या निवडणुकीत शास या धार्मिक ज्यू पक्षाने रब्बी कदूरींच्या आशीर्वादाचे ताईत वाटले, सहाच्या दहा जागा झाल्या, आणि पुढे कायद्याने मतांसाठी आशीर्वाद-ताईत वाटायला बंदी घातली. फोटोचं तसं नाही. शासचे धर्मगुरू ओवादिया योसेफ २०१३ मध्ये गेले, तरी पोस्टरवरून प्रचार करतच असतात.

या बाबतीत आपले कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, अगदीच अव्यवहारी. अलिबागकडे घराघरात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची तसबीर, समोर मलिद्याचं ताट, पोहे, खोबरं, फळं. आणि तसबिरीवर एका तेलाच्या डब्याचं नाव असेल तर शपथ! एवढी मोक्याची जागा फुकट घालवली.

एक पथ्य तेवढं पाळा. चेहरा वापरा, वचनं नकोत. प्राचीन काळचे रब्बी सादोक सांगून गेलेत की तोराची कुदळ करून खणत बसू नका. तितकेच जुने धर्मगुरू हिल्लेल तर म्हणतात, तोराच्या मुकुटाचा स्वतःसाठी वापर करील तो नष्ट होईल. अगदी छापायचंच झालं तर एक्सपायरी डेटच्या शेजारी छापा, बारीक टायपात.