उलटा गड

माझ्या वडिलांना मी कड्यापासून आत ओढून घ्यावं, असं परवा एका खेचरवाल्याने मला चारचौघांत सुनावलं. वडील त्या वेळी सांगलीला जेवून टीव्हीपुढे बसले असतील. कड्यावर उभे होते ते कुणीतरी काका, आणि आमची ओळख होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता.

अमेरिकेतलं ग्रँड कॅन्यन, दरीत उतरणारी साउथ कैबाब ट्रेल. जून महिना, सकाळचे पावणेनऊ. मी खालच्या स्केलेटन पॉइंटवरून परत चढताना सीडर रिज या वाटेतल्या थांब्यावर टेकलो होतो. काका वरून नुकतेच उतरले होते. पायात सँडल, हातात अर्ध्या लिटरची बाटली, तीत दोन बोटं पाणी.

"मराठी ना? नळ कुठाय रे?"

"नळ वर होता काका, वाट सुरू होते तिथे. खाली या वाटेवर थेंब नाही."

"मग ताकवाली?"

"ताकवाली नाही."

"लिंबू सरबत तरी?"

"काका, इथे फक्त संडास आहे."

"अरे, एवढे पर्यटक येतात आणि साधं ताक नाही? सिंहगडावर बघ!" त्यांनी अमेरिकेबद्दलची निराशा लपवली नाही. मग म्हणाले, "बरं, ती नदी कुठे दिसते? पाय बुडवून येतो. आपण कळसूबाई दोनदा केलंय."

इथेच घोटाळा आहे. आपला गड आधी दमवतो, मग उतरवतो. दम लागला की माणूस अर्ध्यातून मागे फिरतो आणि उतार त्याला घरी पोचवतो. कॅन्यन हा उलटा गड. उतरताना सगळेच मावळे. वाट सुरू होते ७,२६० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे शेवटची चढण सगळ्यांत विरळ हवेत. सीडर रिज दीड मैलावर आणि ११२० फूट खाली. नदी तिथून दिसतही नाही. तिचं पहिलं दर्शन स्केलेटन पॉइंटला, आणखी दीड मैल उतरून. तिथूनही ती निम्म्यापेक्षा जास्त उतार खाली असते. उतरायला एक तास लागला तर चढायला दोन धरायचे, आणि उन्हाळ्यात दहा ते चार या वेळेत चढणीवर असायचंच नाही. वाटेत सावली जवळजवळ नाही.

हे सगळं मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "मला तर घामही येत नाहीये."

येतो हो काका! हवा इतकी कोरडी की आल्या आल्या उडून जातो. मागे उरतं ते मीठ. काकांच्या कॉलरवर त्याची पांढरी रेघ उमटली होती. मुंबईत घाम निदान सांगून येतो. इथे माणूस कोरडा राहून वाळतो. नुसतं पाणी ढोसलं तरी पंचाईत, रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं. म्हणून माझ्याकडे चार लिटर पाण्यासोबत खारे दाणे आणि डबाभर भडंग होतं. होतं. निम्मं काकांनी खाल्लं, आणि त्यांचं लक्ष नसताना एका खारीने आपला वाटा उचलला. (ती खार गोंडस दिसते आणि कडकडून चावते. तिला खायला घालणं गुन्हा आहे. काका तिला "ये ये" म्हणत होते.)

शेवटी वर निघालो. मातीवर आडवे ओंडके टाकून पायऱ्या केल्यात. खेचरं रोज त्याच जागी पाय टाकतात, माती खरवडून जाते आणि प्रत्येक ओंडका गुडघ्याएवढा होतो. मधल्या खड्ड्यात जे ओलं असतं, ते पाणी नव्हे.

तेवढ्यात खेचरांची रांग आली. नियम साधा: डोंगराच्या बाजूला सरकायचं, गप्प उभं राहायचं, शेवटचं खेचर पन्नास फूट पुढे जाईस्तोवर हलायचं नाही. काका फोटोसाठी दरीच्या काठावर जाऊन उभे. खेचर बुजलं तर धक्का बाहेरच्यालाच बसतो. शिव्या मात्र आतल्याला बसल्या. काकांनी नंतर विचारलं, "काय म्हणत होता? चांगला वाटला माणूस."

उरलेलं दीड लिटर पाणी आम्ही दोघांत पुरवलं, त्यातलं थोडं काकांच्या टोपीवर आणि शर्टावर ओतलं. ओला शर्ट हाच इथला पंखा. दहा पावलं चालायचं, थांबायचं. माझ्या दोन काठ्यांपैकी दोन्ही काकांकडे. खालून येणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, पण उतरणारे कानात गाणी घालून अंगावरच येत होते, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या हातात काकांचीच बाटली होती. प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटलं. एकाला सांगितलं. त्याने मला अंगठा दाखवला आणि खाली गेला.

वर बसच्या रांगेत काकू छत्री घेऊन उभ्या होत्या. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हा मुलगा बघ. अगदीच दमला होता बिचारा. दर दहा पावलांवर थांबत थांबत आणला मी त्याला वर."

काकूंनी माझ्याकडे कळवळून पाहिलं आणि पर्समधून एक लिमलेटची गोळी काढून दिली.

काका डबा परत देत म्हणाले, "भडंगात लसूण जरा कमी पडलाय हं."