ओमान १९७० साली जन्मला नाही

‘मस्कत ते निझवा’ या माझ्या लेखावर एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. नाव दिलेलं नाही, म्हणून नुसतं ‘आपण’ म्हणतो. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: ओमान हा मुळात देशच नव्हता, ब्रिटिशांनी तो १९७० साली बनवला. तिथे राजकीय पक्षांना बंदी आहे, मजुरांचे हाल होतात, हे मी लिहिलं नाही. ओमानच्या मूलभूत कायद्याचं, म्हणजे तिथल्या राज्यघटनेचं, साल चुकलं. आणि एकूण लेख म्हणजे ‘एसी गाडीच्या काचेतून बघून लिहिलेली सुलतानाची आरती’.

सालाचं आधी सांगतो. कायदा १९९६चाच. मी १९९७ लिहिलं होतं, ते दुरुस्त केलं आहे. चूक ती चूक. आभारी आहे.

आता ती काच. मी १९९४ साली ओमानला गेलो तो रस्त्याच्या कामावर सर्व्हेअर म्हणून, आणि पंधरा वर्षं राहिलो. सर्व्हेअरला काच वर करून बसता येत नाही. जूनमध्ये अदमच्या पुढच्या माळावर सकाळी दहा वाजताच थिओडोलाइटच्या (कोन मोजायच्या यंत्राच्या) स्टँडचे स्क्रू हाताला भाजायचे, म्हणून आम्ही त्यांना ओलं फडकं गुंडाळून ठेवायचो. फडकं दहा मिनिटांत कडक वाळायचं. आपला शब्द मला लागला, ते लपवत नाही. मतभेद खुशाल असू द्यात, पण ज्याच्याशी आपण कधी चार शब्द बोलला नाहीत, त्याने काय पाहिलं हे आपण कशावरून ठरवलंत?

‘देशच नव्हता’ हे वाक्य मात्र मी सोडणार नाही. १५०७ साली पोर्तुगीजांनी मस्कत घेतलं. १६५०च्या जानेवारीत इमाम (धर्मप्रमुख आणि राज्यकर्ता) सुलतान बिन सैफने त्यांना तिथून हाकललं, आणि ते काही ब्रिटिशांनी करून दिलं नाही. तेवढ्यावर ओमानी थांबलेही नाहीत. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पाठलाग करून १६९८ साली त्यांनी मोंबासाचा पोर्तुगीज किल्लाही घेतला. आजचं अल बू सईद घराणं अठराव्या शतकाच्या मध्यापासून गादीवर आहे. त्यातल्या सईद बिन सुलतानने आपली राजधानी पूर्व आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावर नेली. त्याचं ‘सुलताना’ जहाज १८४० साली थेट न्यूयॉर्कच्या बंदराला लागलं, आणि ते जहाज बांधलं होतं आपल्या माझगावात. १८५६ साली तो वारला आणि मुलांमध्ये वाटणीचं भांडण लागलं. तेव्हा १८६१ साली व्हाइसरॉय कॅनिंगने निवाडा देऊन झांजिबार वेगळं काढलं. म्हणजे ब्रिटिशांनी देश बनवला नाही, होता तो तोडला.

आपण १९२०च्या सीबच्या कराराचा दाखला दिलात. किनाऱ्यावर सुलतान आणि आत डोंगराकडे इमाम, असा कारभार तेव्हा वाटला गेला, हे खरं. देशाचं नाव ‘मस्कत आणि ओमान’ होतं आणि १९७० साली ते ‘ओमान सल्तनत’ झालं, हेही खरं. पण मग १ मे १९६०च्या आधी महाराष्ट्र नव्हता का? नाव आणि सीमा कागदावर आल्या त्या दिवशी तिथली माणसं जन्माला येत नाहीत.

२३ जुलै १९७०ला सलालाच्या राजवाड्यात सुलतानाचे पुत्र काबूस यांनी वडिलांना पायउतार करून गादी घेतली. त्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांचा हात होता, हे मी कधीच नाकारलं नाही. पण त्या दिवशी जवळजवळ महाराष्ट्राएवढ्या त्या देशात शाळा होत्या तीन आणि डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर. मस्कतचे दरवाजे रात्री बंद व्हायचे, आणि नंतर बाहेर पडायचं तर हातात कंदील लागायचा. ब्रिटिशांचे सल्लागार तर त्याआधीही तिथेच होते. देश त्यांनी बनवला म्हणता, मग इतकी वर्षं काय करत होते?

निझवाला माझं क्वार्टर खजुरीच्या बागांना लागून होतं. तिथे फलज दारिसचं पाणी येतं. फलज म्हणजे जमिनीखालून उतारावर आणलेला पाट, आणि अशा पाच फलजांना २००६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पाण्याचा हिस्सा ‘अथर’मध्ये मोजतात, एक अथर म्हणजे अर्धा तास. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर पाळी ठरायची. पहाटे एक म्हातारा दिश्दाशा (ओमानी पायघोळ अंगरखा) गुडघ्यापर्यंत खोचून यायचा. एका तोंडावरचा चपटा दगड उचलायचा, दुसऱ्या तोंडावर लावायचा, फटीत चिंध्या आणि चिखल कोंबायचा आणि उभा राहून पाणी वळल्याचा आवाज ऐकायचा. खानदेशात फडाच्या पाण्यावर पाटकरी असतो ना, तस्सं. या पाळ्या ब्रिटिशांनी लावून दिल्या नव्हत्या. इबादी या ओमानमधल्या इस्लामी पंथाचे विद्वान आणि शेख एकत्र बसून इमाम निवडायचे, तेव्हा लंडनचा तिथे काही संबंधच नव्हता. यालाही तुम्ही राज्यकारभार म्हणणार नसाल, तर आपलं बोलणं इथेच थांबलेलं बरं.

पक्षांना बंदी आहे. मजलिस अश-शूरा, म्हणजे तिथली सल्लागार सभा, १९९१पासून आहे, २००३पासून एकवीस वर्षांवरच्या सगळ्या नागरिकांना मत आहे, २०११ला सोहारमध्ये लोक रस्त्यावर उतरल्यावर तिचे अधिकार वाढले. त्यावर वेगळा लेख लागेल, इथे नाही.

आणि मजुरांबद्दल. माझा स्वतःचा पासपोर्ट चौदा महिने आमच्या मुदीरच्या (मॅनेजरच्या) कपाटात होता. वडील गेल्याचा फोन आला तेव्हा तो मिळवायला मला आठवडा लागला. दहाव्याच्या आदल्या रात्री घरी पोचलो. त्यामुळे मजुरांचे हाल मला तुम्ही सांगू नका. माझा लेख भूगोलाचा आणि इतिहासाचा होता, म्हणून ते त्यात आलं नाही.

‘१९७०पूर्वी ओमान नव्हता’ असा एक धड पुरावा द्या, नावानिशी द्या, मी लेख मागे घेईन. उत्तर टोकाचा मुसंदम हा प्रदेश ओमानच्या मुख्य भूमीपासून तुटलेला का, असं दोघांनी विचारलं आहे. त्यांना रविवारी नकाशासह सविस्तर लिहितो.