केमो चालू असताना नवरा-बायकोने एकमेकांपासून काय लपवू नये

कॅन्सरची ट्रीटमेंट सुरू झाली की घरात दोघंही एकमेकांना जपायला लागतात. पेशंट म्हणतो, ‘ठीक आहे मी.’ जोडीदार म्हणतो, ‘माझं काय, तू बरा हो आधी.’ समोरचा खरं बोलत नाहीये हे दोघांनाही कळत असतं, तरी विषय तिथेच संपतो. मोकळं बोला, मोकळं बोला असं सगळेच सांगतात. माझ्या मते मन मोकळं करणं पुढचं झालं, आधी लक्षणं लपवणं बंद करा.

सगळ्यात आधी ताप. बऱ्याच केमोंमध्ये डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या काळात ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त ताप ही इमर्जन्सी असते. ‘जोडीदाराचा आत्ताच डोळा लागलाय, कशाला उठवायचं’ म्हणून पेशंट गुपचूप पॅरासिटामॉल घेऊन पडून राहतो. गोळीने ताप उतरतो, इन्फेक्शन आत वाढत राहतं आणि सकाळपर्यंत प्रकरण आयसीयूत जाऊ शकतं. म्हणून पहिल्या डोसच्या आधीच ठरवून टाका: थर्मामीटरने हा आकडा दाखवला की रात्री कितीही वाजले असोत, उठवायचं आणि हॉस्पिटलला फोन करायचा. विचारून गोळी घ्यायची, घेऊन विचारायचं नाही.

दुसरी लपवाछपवी हातापायांच्या मुंग्यांची. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन या औषधांनी नसांना इजा होऊ शकते. डॉक्टर डोस कमी करायचा की पुढे ढकलायचा हे बऱ्याच अंशी पेशंटच्या सांगण्यावरून ठरवतात, कारण ब्लड रिपोर्टमध्ये यातलं काहीच दिसत नाही. ‘डोस कमी केला तर कॅन्सर परत येईल’ या भीतीने पेशंट बोलत नाही, आणि बधिरपणा कधी कधी कायमचा राहतो. इथे जोडीदाराने ‘कसं वाटतंय?’ विचारून उपयोग नाही, उत्तर ‘बरं’ असंच येणार. ‘शर्टाची बटणं लावायला आज वेळ लागला का? चप्पल पायातून निसटली तर कळतं का?’ असं विचारा. दुखणं असेल तर शून्य ते दहा आकड्यात सांगा आणि वहीत तारीख टाकून लिहा. जुलाब असतील तर ‘जरा जास्त’ नको, दिवसातून किती वेळा ते लिहा.

चिडचिडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. उलटी होऊ नये म्हणून केमोसोबत बऱ्याचदा डेक्सामेथासोन देतात. ते स्टेरॉइड आहे. त्याने झोप उडते, डोकं तापतं, आणि औषध थांबलं की माणूस गळून जातो. हे दिवस कॅलेंडरवर मार्क करा. पैसा, मुलं, नोकरी असे विषय त्या दिवसांत काढू नका. (सगळा राग स्टेरॉइडच्या नावावर खपवायचा नाही, एवढं पेशंटनेही पाळावं.)

एरवी आठवड्यातून एकदा, पुढचा डोस जवळ नसताना, वीस मिनिटं पुरतात. फोन बाजूला, टीव्ही बंद. आधी पेशंट बोलेल, मध्ये तोडायचं नाही. मग जोडीदार, आणि त्याने स्वतःचं बोलायचं: झोप होते का, कशाची भीती वाटते, कुठलं काम आता झेपत नाही. ‘तू पॉझिटिव्ह राहा’ हे वाक्य त्या वीस मिनिटांत तरी नको. त्याने समोरच्याचं तोंड बंद होतं, दुसरं काही होत नाही.

किती माहिती हवी यावरही दोघांचं जमेलच असं नाही. एकाला सर्व्हायव्हलचे (किती जण किती वर्षं जगतात याचे) आकडे हवे असतात, दुसऱ्याला ऐकायचेही नसतात. अशा वेळी पेशंटची परवानगी घेऊन जोडीदाराने डॉक्टरांना वेगळं भेटावं. ओपीडीत मात्र पेशंटच्या वतीने उत्तरं देऊ नयेत. आधी पेशंट सांगेल, राहिलेलं जोडीदार वहीतून वाचेल.

शरीरसंबंधांचा विषय डॉक्टर बऱ्याचदा आपणहून काढत नाहीत, तुम्हीच काढा. मूल हवं असेल तर स्पर्म, एग किंवा एम्ब्रियो फ्रीझ करण्याबद्दल पहिल्या डोसच्या आधी विचारा, नंतर उशीर होऊ शकतो. ट्रीटमेंटमध्ये गर्भधारणा टाळावी लागते. केमोनंतर काही दिवस औषधाचा अंश शरीरातल्या द्रवांत उतरतो, म्हणून कंडोम किती दिवस वापरायचा ते आपल्या टीमला विचारा. कोरडेपणा, इच्छा न होणं हे औषधाचेही परिणाम असतात. ते बोललं नाही तर जोडीदार नकार अंगाला लावून घेतो. आणि पेशंट साधं जवळ घेणंही टाळतो, पुढे जावं लागेल या धास्तीने. ‘आज फक्त जवळ बस’ एवढं स्पष्ट सांगितलं तरी पुरतं.

एवढं करूनही बोलणं भांडणावरच जात असेल, किंवा दोघांपैकी कुणाचंही मन दोन आठवडे सतत खचलेलं असेल, तर ऑन्कोलॉजिस्टकडून (कॅन्सरच्या डॉक्टरांकडून) सायको-ऑन्कोलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरमधल्या मानसिक त्रासाचे तज्ज्ञ, किंवा समुपदेशक यांच्यासाठी चिठ्ठी घ्या. जगायचंच नाही असं कुणी बोललं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी फोन करा आणि तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका.